वनाधिकाऱ्याची वर्दी आणि बालाघाटातील माळरान

(वाशी, जि. धाराशिव येथे तरुण कार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



वाशी, भूम, कळंब या तालुक्यांत पहाटे डांबरी रस्त्याच्या कडेने धावणारी मुले आणि मुली दिसतात. कुणी पोलीस भरतीसाठी धावतो, कुणी सैन्यासाठी, तर कुणी वनरक्षकाच्या जागेसाठी. वनरक्षकाच्या भरतीत पुरुषांना पाच आणि स्त्रियांना तीन किलोमीटर धावावे लागते. ज्यांची मजल पदवीपर्यंत गेली आहे ते लोकसेवा आयोगाच्या वनसेवा परीक्षेचा विचार करतात. सहायक वनसंरक्षक किंवा वनपरिक्षेत्र अधिकारी, म्हणजे गावच्या भाषेत ‘रेंजर’, हे त्यांचे लक्ष्य असते. केंद्राच्या भारतीय वनसेवेपर्यंत पोहोचणारा एखादाच. तेथे पुरुष उमेदवाराला चार तासांत पंचवीस किलोमीटर चालून दाखवावे लागते. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातील मुलाला ही अट मुळीच जड नाही. जड आहे ती त्याआधीची वाट.

ही वाट कशी आहे ते पाहावे. वनसेवेसाठी पदवी विज्ञान, कृषी, उद्यानविद्या, अभियांत्रिकी, वनशास्त्र अशा शाखांतील लागते. वनशास्त्राची पदवी देणारी शासकीय महाविद्यालये दापोली आणि अकोल्याला. मराठवाड्यातील मुलाला दोन्ही दूर. खाली वनरक्षकाच्या पातळीवर 2023 मध्ये दोन हजारांच्या वर जागा निघाल्या आणि राज्यभरातून अर्जांचा पूर लोटला. परीक्षेचे शुल्क खुल्या प्रवर्गाला हजार रुपये, राखीव प्रवर्गाला नऊशे. त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 273 रुपये होती. बेकाराने नोकरी मागण्यासाठी आधी तीन-चार दिवसांची मजुरी मोजायची, हा व्यवहार समाजवादाची शपथ घेतलेल्या संविधानाखाली बिनदिक्कत चालतो. अशा भरत्या एकामागून एक येतात आणि प्रत्येकीचे शुल्क वेगळे भरावे लागते. याविरुद्ध तरुणांची संघटना उभी करणे हे येथल्या कार्यकर्त्यांचे पहिले काम आहे.

परंतु नोकरी मिळाल्यानंतरचा प्रश्न अधिक मोठा असून त्याची चर्चा फारशी होत नाही. वर्दी अंगावर आल्यावर हा तरुण कोणाच्या बाजूने उभा राहणार?

वनखाते हे मुळात रयतेसाठी निर्माण झालेले खाते नव्हे. 1864 मध्ये ब्रिटिश सरकारने डीट्रिश ब्रँडिस या जर्मन तज्ज्ञाला वनांचा महानिरीक्षक नेमले, त्या काळात रेल्वेच्या रुळांखाली घालायला लाकडी स्लीपर हवे होते. 1865 चा कायदा, मागोमाग 1878 चा अधिक कडक कायदा आणि अखेर 1927 चा वन अधिनियम अशी त्याची चढती कमान आहे. डोंगर सरकारचा झाला, आणि त्यावर गुरे चारणारा, सरपण आणणारा माणूस एका रात्रीत गुन्हेगार ठरला. जोतीराव फुल्यांनी 1883 मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तेव्हा गायराने गिळणाऱ्या या खात्यावर त्यांनी कोरडे ओढले होते. ही तक्रार केवळ इंग्रजी मुलखापुरती नव्हती. धाराशिव जिल्हा सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि त्याच राज्याच्या आसिफाबादच्या डोंगरांत, जोडेघाट येथे, 1940 मध्ये कोमराम भीम आणि त्याचे गोंड सहकारी जंगलजमिनीच्या हक्कासाठी लढताना निजामी पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले.

1927 चा तो अधिनियम अजूनही पायाभूत कायदा आहे. त्याच्या 64 व्या कलमान्वये वनाधिकारी संशयिताला वॉरंटावाचून अटक करू शकतो. 68 व्या कलमान्वये काही गुन्हे पैसे घेऊन मिटविता येतात. म्हणजे पकडणारा आणि तडजोड करणारा एकाच खात्याचा. वाशीच्या मेंढपाळाला कलमाचा आकडा ठाऊक नसतो, पण त्याचा अर्थ त्याला चांगला ठाऊक असतो.

येथे एक विचित्र गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. या जिल्ह्यात वनाच्छादन एकूण क्षेत्राच्या एक टक्काही नाही. येडशीच्या रामलिंग घाटाला 1997 मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला, त्याचे क्षेत्र अवघे साडेबावीस चौरस किलोमीटर. बाकी सारा मुलूख म्हणजे बालाघाटाची उघडी पठारे, बोरी-बाभळी, पळस, सीताफळाची झुडपे आणि कुसळी गवत. मग येथे वनाधिकाऱ्याला काम तरी काय, असे कोणी विचारील. काम भरपूर आहे. मात्र ते चित्रातल्या घनदाट अरण्यातले काम नव्हे. ते गायरानाचे, चराईचे, दुष्काळाचे आणि माळावरच्या जीवांचे काम आहे. माळरान हे पडीक नसते. त्यावर लांडगा आणि काळवीट जगतात, धनगराची मेंढरे जगतात. शेजारच्या नान्नजचे अभयारण्य तर माळढोकासाठी प्रसिद्ध झाले, आणि माळढोकाला झाडी नकोच असते. तरीही वर्षानुवर्षे माळावर सरसकट गिरिपुष्प लावून त्यालाच वनीकरण म्हणण्याची रीत पडली आहे. 2016 पासून वृक्षलागवडीचे आकडे दोन कोटी, चार कोटी, तेरा कोटी असे चढत गेले आणि 2019 साली तेहतीस कोटींवर पोहोचले. आकडा वरून ठरतो आणि खड्डा खाली खणावा लागतो. किती रोपे जगली, हे विचारणारा अधिकारी या व्यवस्थेत अडचणीचाच ठरतो!

2024 च्या अखेरीस टिपेश्वर अभयारण्यातील एक वाघ सुमारे साडेचारशे किलोमीटर चालून येडशीच्या डोंगरात आला. गुरे मारली जाऊ लागली. रात्रीच्या विजेवर शेताला पाणी देणारा शेतकरी भयभीत झाला. बाहेरून पथके आली, सापळ्याचे कॅमेरे लागले, आणि वाघ त्यांना हुलकावणी देत राहिला. ज्या जिल्ह्यात वाघाची आठवणही पुसली गेली होती तेथे तो आला तेव्हा खरी कसोटी खालच्या कर्मचाऱ्यांची लागली. मेलेल्या बैलाचा पंचनामा वेळेवर होतो की नाही आणि भरपाई मिळते की नाही, यावर शेतकरी वाघाकडे कोणत्या डोळ्यांनी पाहील हे ठरते. विषप्रयोग टाळायचा असेल तर बंदुकीहून पंचनाम्याचा कागद अधिक उपयोगी पडतो.

या खात्यातील तरुणाचे स्वतःचे हालही थोडे नाहीत. ताडोब्यात 20 नोव्हेंबर 2021 रोजी वनरक्षक स्वाती ढुमणे व्याघ्रगणनेच्या कामावर पायी फिरत असताना वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू पावल्या. त्याच वर्षी 25 मार्चला मेळघाटातील हरिसालच्या वनपरिक्षेत्र अधिकारी दीपाली चव्हाण यांनी आत्महत्या केली. वरिष्ठांकडून झालेल्या छळाची तक्रार त्यांनी मागे ठेवलेल्या पत्रांत होती. एकीला जंगलाने नेले, दुसरीचा बळी खात्याच्या आतील उतरंडीने घेतला, आणि दुसरा मृत्यू टाळणे तर सर्वस्वी माणसांच्या हाती होते. त्या उतरंडीच्या अगदी तळाशी रोजंदारीवरील वनमजूर आहेत. रोपवाटिकेला पाणी घालण्यात आणि वणव्याशी झोडपीने लढण्यात त्यांची उमेद गेली. कायम होण्यासाठी त्यांतील हजारोंना 2012 पर्यंत वाट पाहावी लागली. नवा अधिकारी या मजुरांना नावाने हाक मारतो की हजेरीच्या क्रमांकाने, एवढ्यावरूनही त्याची पारख होऊ शकते.

उलट उदाहरणही जवळचेच आहे. 1932 मध्ये सोलापुरात जन्मलेले मारुती चितमपल्ली कोइमतूरच्या वनमहाविद्यालयात शिकून खात्यात शिरले आणि 1990 मध्ये निवृत्त झाले. कर्नाळा, नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट अशा ठिकाणी त्यांची नोकरी झाली. नवेगावबांधला माधवराव पाटलांसारख्या जाणत्या गावकऱ्याजवळ बसून ते पाखरे आणि मासे शिकले. पारध्यांकडून, ढीवरांकडून, गोंडांकडून शब्द गोळा करीत राहिले. 2006 च्या सोलापूर साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद आणि 2025 चे पद्मश्री हे मान पुढे चालत आले. त्याच वर्षी जून महिन्यात ते गेले. त्यांच्या लेखनात हक्कांचा लढा फारसा नाही, ही उणीव मान्य केली पाहिजे. पण गावकऱ्याला गुन्हेगार न समजता गुरू समजणारा अधिकारी त्याच जुन्या कायद्याखाली, त्याच वर्दीत असू शकतो, एवढे त्यांनी सिद्ध केले. वाशीच्या मुलाला तर हा गुरू शोधायला दूर जावे लागत नाही. तो त्याच्या घरातच, काठीला टेकून बसलेला असतो.

आता एक व्यवहाराची गोष्ट. 2006 च्या वनहक्क कायद्याने आदिवासींबरोबर ‘इतर पारंपरिक वननिवासी’ हाही वर्ग मानला. मात्र त्याने 13 डिसेंबर 2005 पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा द्यायचा आहे. पंचाहत्तर वर्षे मागे गेले की धाराशिव निजामाच्या राज्यात पोहोचतो आणि त्या राज्याचे दप्तर उर्दूत आहे. मेंढपाळाने ते कोठून आणावे, कोणाकडून वाचून घ्यावे? कायद्याच्या नियमांत यावर एक वाट ठेवलेली आहे. गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदन, जुन्या विहिरी, दफनभूमी, देवस्थाने हीही पुराव्यात धरता येतात. दावा आधी ग्रामसभेत मांडला जातो, आणि तेथून उपविभागीय समितीकडे जातो. त्या समितीच्या टेबलाशी प्रांताधिकाऱ्याच्या बाजूला वनखात्याच्या अधिकाऱ्यासाठी एक खुर्ची ठेवलेली असते.