नैवेद्य दाखवा, भरवू नका
(दिंडीच्या शतकमहोत्सवी सोहळ्यातील भाषण)



सकाळपासून दिंडीचा इतिहास सांगून झाला, अन्नदात्यांचा सत्कार झाला. आम्ही काही कीर्तनकार नव्हे. आमच्या घराकडे पालखीपुढच्या अश्वाची सेवा आहे, आजोबांपासून आमची तिसरी पिढी. संयोजक म्हणाले, "अश्वावर चार शब्द बोला." आम्ही म्हटलं, अश्वावर बोलायचं तर त्याच्या तोबऱ्यावर बोलावं लागंल. कारण घोड्याच्या अंगात जे दिसतं, ते बरंचसं आधी तोबऱ्यात पडलेलं असतं.

आधी एक गोष्ट कबूल करतो. नऊ वर्षांमागं आपल्या रिंगणात पाखऱ्या उधळला, हे इथं बसलेल्या पुष्कळांनी पाहिलंय. दोन फेऱ्या नीट झाल्या, तिसऱ्या फेरीला त्यानं रिंगण मोडलं आणि माणसांत शिरला. एका म्हाताऱ्या टाळकरी बाबांचा हात मोडला. त्यांनी एका शब्दानं बोल लावला नाही. पण वारी झाल्यावर गावात बैठक बसली. कोण म्हणालं, घोडा मस्तवाल झाला. कोण म्हणालं, अकलूजच्या बाजारात नेऊन विका. आम्हीही मान डोलावली. आज शंभर वर्षांच्या सोहळ्यात उभं राहून सांगतो, चूक पाखऱ्याची नव्हती, आमची होती.

त्या साली झालं असं. अश्व रिंगणात तेजदार दिसावा, अशी आम्हाला हौस. निघायच्या आठ दिवस आधी आम्ही भिजवलेला हरभरा दुप्पट केला. जवाच्या भरड्याऐवजी मका सुरू केला, माप मात्र तेच ठेवलं. वर गूळ. पोट सुटलेलं दिसू नये म्हणून कडबा निम्म्यावर आणला. त्यात पावसाची झड लागली, त्यामुळं फिरवणं बंद. घोडा चार दिवस दावणीला उभा आणि पोटात मका-हरभरा! वाटेत गावोगावी माउल्यांनी पेढे, केळी, बिस्किटं, पुरणपोळी भरवली ती वेगळीच. आपल्याकडं जुना प्रश्न आहे ना, भाकरी का करपली, घोडा का अडला? उत्तर एकच, फिरवली नाही, फिरवला नाही. आम्ही तर न फिरवता वर चंदी वाढवली. मग दुसरं काय होणार?

विकायच्या आधी आम्ही जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी पाखऱ्याचे दात बघितले, पाठ दाबून बघितली, खूर बघितले. दुखणं असलं तरी घोडा उधळतो, म्हणून आधी ते बघायचं. दुखणं काही निघालं नाही. मग त्यांनी विचारलं, "खायला काय घालता?" आम्ही सांगत गेलो आणि आमचं आम्हालाच उमगत गेलं.

मंडळी, घोडा म्हंजे बैल नव्हे. बैलाचं पोट चार कप्प्यांचं. तो भराभर गिळतो आणि सावलीला बसून रवंथ करतो. घोड्याला रवंथ नाही. त्याचं जठर एकच आणि देहाच्या मानानं लहान, साधारण ८ ते १५ लिटरचं. त्यात आंबट रस दिवसरात्र पाझरत असतो, खाल्लं तरी आणि नाही खाल्लं तरी. त्यावर उतारा म्हंजे लाळ, आणि घोड्याला लाळ सुटते ती चघळताना. म्हणून देवानं त्याला दिवसातले चौदा-सोळा तास थोडं थोडं चरणारं जनावर केलं. कडबा निम्मा केला की चघळणं कमी झालं, लाळ कमी झाली, पोटात जळजळ सुरू झाली. मग घोडा दावण कुरतडतो, लाकूड चावतो, कान पाडतो, खरारा करताना अंगावर येतो. आपण म्हणतो, खोडील झाला. तो बिचारा भुकेला असतो.

आता दाण्याचं बघा. उसाच्या पाचटाला काडी लावली तर जाळ माणसाच्या वर जातो आणि घटकाभरात राख होते. गोवरीची धग दिसत नाही, पण रात्रभर पुरते. मका, हरभरा, गूळ हे पाचट. त्यातलं पीठ आणि साखर झटकन रक्तात उतरते, घोडा फुरफुरतो, टाळ वाजला तरी दचकतो. गवत-कडबा ही गोवरी. तो मोठ्या आतड्यात सावकाश मुरतो आणि दिवसभर बळ देत राहतो. दाणा जास्त आणि वैरण कमी खाणारी घोडी आवाजाला, हालचालीला लवकर बिथरतात, हे अभ्यास करणाऱ्यांनीही पाहिलंय. तेवढंच बळ वैरणीतून आणि थोड्या तेलातून दिलं तर तीच घोडी निवांत राहतात.

दुसरं, माप. चंदी मापानं नाही, वजनानं द्यावी. एक माप ओट आणि एक माप मका डोळ्याला सारखे दिसतात, पण मक्याच्या मापात जवळपास दुप्पट बळ असतं. आम्ही माप तेच ठेवलं आणि समजलो, तेवढंच देतोय! मका सगळ्यात जड. भरडलेला जव त्याहून बरा. ओट पचायला हलका. गव्हाचा कोंडा बेताचा चांगला, पण नुसत्या कोंड्यावर घोडा ठेवला तर हाडातला चुना कमी पडतो. हरभरा वाईट नाही. दख्खनच्या घोड्यांनी तो पिढ्यान्‌पिढ्या खाल्लाय, खाली दक्षिणेत हुलगा खाल्लाय. पण ती घोडी दिवसाला कोसन्‌कोस चालायची. आपला अश्व वर्षाचे अकरा महिने गोठ्यात उभा असतो. कामाच्या मानानं दाणा, हा त्यातला नेम.

आणि दाणा एका दमात जास्त पडला, तर लहान आतड्यात न जिरलेलं पीठ मोठ्या आतड्यात जाऊन आंबतं. तिथले वैरण पचवणारे जीवाणू मरतात, पोट फुगतं, शूळ उठतो. कधी त्याचा विषार खुरापर्यंत जातो आणि खुराच्या आत असा दाह होतो की घोडा पाय टेकवत नाही. घोड्याला ओकारी येत नाही, मंडळी. चुकीचं आत गेलेलं त्याला बाहेर टाकता येत नाही. म्हणून आपल्यालाच तोंडाशी थांबावं लागतं.

विश्रांतीच्या दिवसाचंही तसंच. युरोपात ओझ्याच्या घोड्यांना रविवारी सुट्टी असायची, पण चंदी रोजच्याइतकीच. सोमवारी सकाळी कामाला जुंपलं की घोडा घामानं निथळायचा, मागचे पुठ्ठे लाकडासारखे ताठ व्हायचे, लघवी काळपट यायची. त्या दुखण्याला तिथं सोमवारचंच नाव पडलं. आपल्या वारीतही दोन दिवसांचा मुक्काम असला की अश्व उभा राहतो. त्या दिवशी दाणा निम्म्याहून कमी, वैरण पोटभर, आणि सकाळ-संध्याकाळ फिरवणं चुकवायचं नाही.

ज्ञानोबा माउलींच्या सोहळ्यातले अश्व बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून शितोळे सरकारांकडून येतात, हे आपण जाणता. एकावर जरीपटका घेतलेला स्वार, दुसऱ्याची पाठ मोकळी, कारण तिथं स्वतः माउली बसलेली. आळंदीपर्यंतच ते तीनशे किलोमीटरच्या आसपास चालत येतात, मग सोहळ्याबरोबर पंढरीची वाट. चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण करून ते आपल्या सोलापूर जिल्ह्यात येतात. पुरंदवडे, खुडूस फाटा, ठाकूरबुवाची समाधी, पुढं बाजीराव विहीर, वाखरी. लाखो माणसं, टाळ-मृदंगाचा गजर, आणि घोडा मधून दौडतो. रोजचं चालणं आणि सराव असल्याशिवाय हे होत नाही. आम्ही आठ दिवसांत चंदी वाढवून ते तेज आणू पाहिलं. आठ दिवसांत फक्त मस्ती येते.

हे आजचं शहाणपण आहे असंही नाही. शिवछत्रपतींनी चिपळूणकडच्या छावणीतल्या आपल्या जुमलेदार-हवालदारांना पाठवलेलं पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि वैरण आत्ताच मनाला येईल तशी उधळलीत तर भर पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असं होईल, असा त्याचा आशय. एवढा मोठा राजा, पण पागेतल्या दाण्याचा हिशेब त्याला क्षुल्लक वाटला नाही. मग आपल्याला का वाटावा?

पाखऱ्याला आम्ही विकलं नाही. मका बंद केला. एकदम नाही, दहा-बारा दिवसांत उतरवत नेला, कारण खाणं बदलायचं ते हळूहळूच. त्याचं वजन ३५० किलोच्या आसपास. त्याला रोज ५ ते ७ किलो कोरडी वैरण लावली, मंगळवेढ्याकडच्या मालदांडीच्या कडब्याची कुट्टी आणि गवत. दाणा जवाचा भरडा, एका वेळी किलोच्या आत, तोही काम असेल तेव्हाच. मूठभर खडेमीठ. पाणी दिवसाला तीस-चाळीस लिटर, आणि चंदीच्या आधी. रिंगणाच्या तीन-चार तास आधी चंदी उरकलेली, मधल्या वेळात थोडी वैरण. रोज पहाटे तीन-चार कोस चाल, सोबत टाळ वाजवणारी दोन पोरं. नुसत्या तोबऱ्यानं घोडा शहाणा होत नाही, सराव लागतोच. पण तोबरा बिघडलेला असला तर सरावही लागू पडत नाही. पुढच्या वारीत पाखऱ्या तिन्ही फेऱ्या सरळ दौडला. ते टाळकरी बाबा गळ्यात टाळ अडकवून पहिल्या रांगेत उभे होते. रिंगण संपल्यावर त्यांनी त्याच्या टापेखालची माती कपाळाला लावली. आम्हाला मान वर करवेना.

आता शेवटचं, आणि खरं मागणं हेच आहे.

माउल्यांनो, तुम्ही पदराआड पेढा घेऊन येता, गुळाचा खडा घेऊन येता. त्यामागची माया आम्ही जाणतो. पण एका मुक्कामी दोनशे जणींनी एकेक घास भरवला, तर त्याच्या पोटात काय होत असंल? पाखऱ्याचीच एक रात्र आम्ही अशी काढलीय. घोडा वळून वळून कुशीकडं बघायचा, पायानं माती उकरायचा, लोळायचा, लीद बंद. डॉक्टर येईपर्यंत पहाट झाली. तसं कुणाला दिसलं तर खाणं बंद करा, डॉक्टरांना बोलवा, आणि नरड्यात बाटलीनं तेल-काढा ओतू नका. तो फुप्फुसात जातो आणि वाचणारा घोडा दगावतो.

विठ्ठलाला आपण नैवेद्य दाखवतो. त्याच्या मुखात कोंबत नाही. अश्वाचंही तसंच करा. पेढा त्याच्यापुढं धरा, हात जोडा आणि तो पेढा शेजारच्या लेकराच्या हातावर ठेवा. आणि खरंच त्याला काही खाऊ घालायचं असंल तर कोरड्या कडब्याची एक पेंढी आणा. पावसात भिजलेली, बुरशी धरलेली नको. कोवळी हिरवी ज्वारीही नको, ती विषारी असते हे आपल्या गुराख्यालासुद्धा ठाऊक आहे. पेंढी सेवेकऱ्याच्या हातात द्या. तोबरा एकाच हातात राहू द्या.

दिंडीनं या शतकमहोत्सवी वर्षात एवढा एक ठराव करावा, अशी आमची सगळ्यांपुढं विनवणी आहे. पाखऱ्या आता थकलाय. नवा शिंगरू तयार होतोय. त्याच्या पाठीवरही आपण माउलीच बसलेली मानणार. मग त्याच्या पोटाची काळजी ही आपली सेवा झाली, नाही का?