छायाचित्रणाचा व्यवसाय आणि समाजाचे देणे

(युवक मार्गदर्शन मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



१६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी याच चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. त्यांना डोळ्यांनी पाहिलेली पिढी आता जवळजवळ संपली. आजच्या मुलांना बाबासाहेब दिसतात ते घरातल्या तसबिरीतून. ते मूळ छायाचित्र कोणी काढले, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. छायाचित्रकार विसरला जातो, छायाचित्र मात्र समाजाजवळ राहते. म्हणून हा व्यवसाय नुसता पोटाचा नाही. पण पोट भरले नाही तर व्यवसायही टिकत नाही. या दोहोंचा मेळ कसा घालावा, यावर आज आम्ही बोलणार आहोत. आम्ही म्हणजे चंद्रपूर-गडचिरोलीत कॅमेऱ्यावर प्रपंच चालवणारी काही मंडळी.

प्रथम आपल्याच विदर्भातले उदाहरण घेऊ. सुधारक ओलवे यांचा जन्म अकोल्याचा. मुंबईत त्यांनी वृत्तपत्रांसाठी छायाचित्रकार म्हणून नोकरी केली. नोकरीने चूल पेटली. परंतु स्वतःचे काम म्हणून त्यांनी मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांकडे कॅमेरा वळवला. शहराची घाण उपसणारा हा वर्ग बहुतांशी दलित. गटारात उतरणारी ही माणसे रोज डोळ्यांसमोर असूनही कोणाला दिसत नव्हती. ओलवे त्यांच्या कामावर गेले, वस्तीत गेले, घरात बसले. २००५ साली त्या कामाला नॅशनल जिऑग्राफिकचा पुरस्कार मिळाला आणि २०१६ साली ओलवे पद्मश्रीने सन्मानित झाले. पुरस्कार मागाहून आले, निवड आधी केलेली होती, हे ध्यानात घ्या.

परदेशातही असे झाले आहे. अमेरिकेत लुईस हाईन नावाचे शिक्षक १९०८ पासून बालकामगारविरोधी समितीसाठी खाणी आणि कापड गिरण्यांतल्या मुलांची छायाचित्रे काढत हिंडले. मुलांची वये आणि कामाचे तास ते टिपून घेत, त्यामुळे त्यांची छायाचित्रे पुराव्यासारखी उभी राहिली. बालमजुरीला आळा घालणारा टिकाऊ केंद्रीय कायदा तिथे १९३८ साली झाला. हाईन मात्र १९४० साली गरिबीतच वारले. मूल्य जपण्याची किंमत पडते, हे तरुणांपासून लपवून ठेवणे बरे नाही.

आता आपल्या जिल्ह्यांकडे येऊ. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा चंद्रपूरपासून वेगळा झाला, तरी जंगल एकच आहे. बाहेरच्या जगाला या जंगलाची दोनच चित्रे माहीत: ताडोबाचा वाघ आणि गडचिरोलीची चकमक. वाघाचे छायाचित्र काढण्यात गैर काही नाही, त्यावर अनेक घरे चालतात. पण त्याच वाघाच्या वाटेवर मोहफुले वेचायला, तेंदूपाने तोडायला जाणारी बाई चित्रात नसते. ती दिसते तेव्हा तिचे प्रेत दिसते, किंवा तिची रडणारी मुले.

आमच्यातल्या एकाला बाहेरच्या एका ग्राहकाने माडिया स्त्रियांचे फोटो मागितले होते. अट अशी की, अंगात पोलके नको, ‘अस्सल’ दिसले पाहिजे. पैसे चांगले होते आणि घरी मुलीच्या शाळेची फी थकलेली होती. त्याने नाही म्हटले. पुढचे दोन महिने त्याने लग्नाच्या आणि पासपोर्ट फोटोंच्या कामावर काढले. म्हणून आम्ही म्हणतो, लग्नाच्या कामाला हलके लेखू नका. त्या कमाईवरच नाही म्हणण्याची ताकद उभी राहते. तथागतांनी अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविका सांगितली. आमच्या धंद्यात तिचा अर्थ एवढाच, की ज्याचे छायाचित्र विकून आपण जेवतो, त्याची मान त्या छायाचित्राने खाली जाऊ नये.

हे प्रत्यक्षात कसे करावे? फोटो काढण्याआधी विचारा. व्यक्ती असेल तर तिला, गावाचा विषय असेल तर ग्रामसभेला. नाव आणि गाव अचूक लिहून घ्या, ‘एक आदिवासी महिला’ एवढ्यावर भागवू नका. छापील प्रत त्या घरी नेऊन द्या. आणि जिथे ओळख उघड करणे घातक आहे तिथे ती झाका. अत्याचारपीडित बालकाची ओळख प्रसिद्ध करण्यास २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंदी आहे.

छायाचित्र लोकांच्या कामीही येते. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ साली बांबू वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. वनहक्काच्या दाव्यात काय पुरावा चालतो? २००८ च्या नियमांत घर, झोपडी, बांध-बंधारे, विहीर, दफनभूमी, देवस्थान यांचाही उल्लेख आहे. या खुणांची तारीखवार छायाचित्रे काढून देणे तुमच्या हातचे आहे. ते चित्र कोणत्याही प्रदर्शनात लागणार नाही, पण एखाद्याची जमीन वाचवण्यास हातभार लावेल.

आपला हक्कही ओळखा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार स्वतःहून काढलेल्या छायाचित्राचा पहिला मालक छायाचित्रकार असतो. मात्र कोणी मोबदला देऊन काढून घेतले, तर वेगळा करार नसल्यास मालकी त्या ग्राहकाची. म्हणून काम घेण्यापूर्वी दोन ओळी लिहून घ्या. तोंडी व्यवहारात आपली मुले फार नाडली जातात.

मित्रांनो, आज प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे, फोटो कोणीही काढतो. मग तुमच्याकडे कोणी का यावे? कारण गावाला ठाऊक असेल, की हा आपल्याला विकणार नाही. हा विश्वास मिळवायला वर्षे लागतात आणि गमवायला एक फोटो पुरतो. दीक्षाभूमीच्या मेळाव्यात, धानाच्या बांधीत, कोळशाच्या खाणीत, तेंदूच्या फळीवर आपल्या माणसांचे कष्ट आणि आनंद टिपून ठेवा. उद्याची पिढी आपल्याला त्याच चित्रांतून पाहणार आहे.