डालडाचा डबा

(दहावी १९९६ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला 'डब्याच्या आठवणी' हा विषय आणि दहा मिनिटं दिली. विषय मलाच का दिला ते सांगायला नको. आठवीपासून तुम्ही सगळे मला 'बकासुर' म्हणत होतात. मधली सुट्टी व्हायच्या आत माझा डबा संपलेला असायचा आणि मग 'नुसती चव बघते गं' म्हणत मी बाकाबाकावर फिरायचे. परवासुद्धा एकाने फोन करून विचारलं, "तू येणार आहेस, तर केटररला दहा ताटं जास्त सांगू का?"

एक दुरुस्ती करते. त्या गोष्टीत गाडाभर अन्न बकासुराने खाल्लं नाही, भीमाने खाल्लं. बकासुर धावून आला तरी भीम पाठमोरा बसून जेवतच होता. तेव्हा नाव ठेवायचंच तर भीम ठेवा.

आपली शाळा साडेपाचला सुटायची आणि आम्हा खो-खोच्या मुली तशाच रेल्वेच्या मैदानावर जायचो. अंधार पडून खांब दिसेनासा झाला की सराव संपायचा. आठ जणी पाटीत बसलेल्या, नववी पळतेय, गुडघे सोललेले, फ्रॉकच्या खिशात माती. मग फाटकापर्यंत चालत यायचं. फाटक बंद असलं की मालगाडी जाईपर्यंत पोटात कावळे ओरडत असायचे. घरी आल्यावर सकाळची चपाती कुस्करून तेल, तिखट, मीठ घालून खायची, वर दुपारचा भात, तरी साडेआठला पुन्हा पान मांडलं की पहिली मीच. मुलांचंही तेच होतं. स्टेशनबाहेरच्या गाडीवर पैजेवर सात वडापाव खाणारा आपला मित्र आज दुसऱ्या रांगेत मधुमेहाची गोळी खिशात घेऊन बसलाय. हसू नका, उरलेले निम्मे आपण त्याच वाटेवर आहोत.

आमच्या घरी चपात्या मोजून व्हायच्या. बाबांना पाच, दादाला सहा, मला तीन. दादा क्रिकेट खेळायचा. त्याने सातवी मागितली की आईचा चेहरा फुलायचा, शेजारच्या काकूंना ती कौतुकाने सांगायची. मी चौथी मागितली की, "बस आता. मुलीच्या जातीला इतकं हावरटासारखं खाणं शोभत नाही." दुष्टपणा नव्हता त्यात, चौथी देतच नव्हती असंही नाही, पण ती चपाती खाताना मान खाली जायची. आईसाठी किती असायच्या ते मी कधी मोजलं नाही. कमी पडल्या की ती म्हणायची, "मला भूक नाही." महाभारतात पांडव भिक्षा आणायचे, तेव्हा निम्मी एकट्या भीमाला आणि उरलेल्या निम्म्यात चार भाऊ आणि कुंती. त्यातलं कुंतीच्या पानात किती पडायचं, ते कोणी सांगत नाही.

हे सगळं मी विसरून गेले होते. इंजिनिअरिंग झालं, नोकरी लागली, लग्न झालं. माझी मुलगी आता चौदा वर्षांची आहे. फुटबॉल खेळते. गेल्या जूनमध्ये सरावाहून आली, जेवायला बसली आणि चौथ्या चपातीला तिने हात घातला. माझ्या तोंडून निघालं, "अगं पुरे, किती खाशील!" पुढचं 'मुलीच्या जातीला' ओठांवर आलं होतं, ते गिळलं. तिने चपाती परत डब्यात ठेवली. म्हणाली, "तशी भूक नव्हतीच."

ती झोपल्यावर मी लॅपटॉप उघडून बसले. सवयच तशी आहे, चूक कुठे झाली ते शोधल्याशिवाय झोप येत नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली आहाराचे आकडे प्रसिद्ध केले आहेत. बसून काम करणाऱ्या बाईला, म्हणजे मला, दिवसाला १६६० किलोकॅलरी. बसून काम करणाऱ्या पुरुषाला २११०. आणि १३ ते १५ वर्षांच्या मुलीला २४००. म्हणजे ऑफिसला जाणाऱ्या बाबांपेक्षा आठवीतल्या मुलीची गरज जास्त! मुलांची तर विचारूच नका. १६ ते १८ वर्षांच्या मुलाला ३३२०, आणि जड अंगमेहनत करणाऱ्या पुरुषाला ३४७०. आमच्या आईने चपात्या उलट्या वाटल्या होत्या, आणि मीही तेच करायला निघाले होते.

लोहाचा आकडा मात्र मुलींचा मोठा आहे. १३ ते १५ या वयात मुलाला दिवसाला २२ मिलिग्रॅम, मुलीला ३०. वाढ दोघांचीही होत असते, पण तिची पाळी सुरू झालेली असते. आणि प्रत्यक्षात काय होतं? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्तक्षय होता, त्याच वयाच्या मुलांत ३१ टक्के. आकडे संपले, आता सांगत नाही.

पण मला झोप आली नाही ती आकड्यांमुळे नव्हे. मुलीने चपाती परत ठेवली, तसं खाणं परत ठेवताना मी आधी एकदा पाहिलं होतं. ते सांगायलाच खरं तर आज उभी राहिले आहे.

बाई, तुम्हाला तो डालडाचा पिवळा डबा आठवत असेल. सरावानंतर आम्ही गळून जातो हे बघून नववीत तुम्ही तो सुरू केलात. दर सोमवारी जिला जमेल तिने, जमतील तेवढे भाजलेले दाणे घरून आणायचे आणि कपाटातल्या डब्यात ओतायचे. गूळ तुम्ही आणायचात. सराव संपला की प्रत्येकीला मूठभर दाणे आणि गुळाचा खडा, हवे तर पुन्हा घ्यायचे. तुमचा एकच नियम होता: कोणी किती आणले ते बघायचं नाही.

डबा मैदानावर न्यायचं काम माझ्याकडे होतं आणि मी बघत होते. गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर मी बारा नावं लिहिली होती, आणलेले असले की समोर बरोबरची खूण. पाच सोमवार एका नावापुढे खूण पडली नाही. सहाव्या आठवड्यात एका संध्याकाळी तिने दुसऱ्यांदा डब्यात हात घातला आणि मी म्हणाले, "तू आणत तर काहीच नाहीस. दुसऱ्यांदा कशी घेतेस?"

सगळ्या तिच्याकडे बघायला लागल्या. तिने मूठ डब्यावर उघडली, दाणे परत आत सोडले, तळहाताला चिकटलेला एक दाणासुद्धा झटकला. म्हणाली, "मला भूकच नाहीये."

त्यानंतर तिने त्या डब्यातलं काही घेतलं नाही. बाईंनी विचारलं की म्हणायची, पोट भरलंय. ती आपली सगळ्यात चपळ रनर होती, खांबाला वळसा घालताना तिला कोणी शिवू शकत नसे. पुढच्याच महिन्यात कल्याणच्या सुभाष मैदानावर सामन्यात दुसऱ्या डावात ती खाली बसली, ओठ पांढरे पडलेले. पाणी मारून बाहेर आणली. आपण हरलो. चक्कर यायला दहा कारणं असू शकतात, मी डॉक्टर नाही. पण त्या दिवशी बसमध्ये मी तिच्या शेजारी बसले नाही, हे मला आठवतं. तिच्या वडिलांचा कारखाना त्या उन्हाळ्यातच बंद पडला होता, हे आईकडून कळलं तेव्हा वर्ष उलटलं होतं. दहावीत ती खेळलीच नाही.

बाई, वहीतलं ते पान तुम्ही कधी पाहिलं नाहीत. तुम्हाला हे आज पहिल्यांदा कळतंय. सगळ्यांसमोर सांगतेय, कारण बोलले होते तेही सगळ्यांसमोरच.

आपल्या ग्रुपमध्ये ती नाही. नंबर मिळवून मी तिला महिन्यापूर्वी फोन केला. बराच वेळ इकडचं तिकडचं झालं, मग मी डब्याचा विषय काढला. ती म्हणाली, "आठवतं ना." 'जाऊ दे गं' म्हणाली नाही. मी थांबून राहिले. मग तिनेच विचारलं, "तुझी मुलगी काय खेळते?" मी सांगितलं. "तिला खाऊ देतेस ना पोटभर?" म्हणाली. हे भाषण करायला मी तिची परवानगी मागितली, तेव्हा म्हणाली, कर, नाव नको घेऊ. आज ती आलेली नाही. पुढच्या वेळी येईन असंही म्हणालेली नाही.

आता कामाचं. शाळेच्या आजच्या खेळाडू मुलामुलींसाठी सरावानंतर दाणे, गूळ, केळी आणि उकडलेली अंडी द्यायची, असं आपल्या तुकडीने ठरवलंय. हिशेब ठेवायला अर्थातच मला सांगितलं. शीट तयार आहे, दुवा आज रात्री ग्रुपवर टाकते. तारीख, जमा, खर्च, शिल्लक असे चार रकाने आहेत. नावांचा रकाना का नाही, असं काल दोघांनी विचारलं. तो नाही, आणि कोणी नंतर घालू नये म्हणून शीटला कुलूप लावलंय.

मागून हात दाखवतायत, पानं मांडून झाली आहेत. बाई, चला, आधी तुम्ही.