खारें पाणी आणि गळाचें पोलाद

कोंकणच्या खडपावर बसून गरवणाऱ्यास मोठा मासा लागतो, दोर ताणला जातो आणि एकाएकीं हात हलका होतो. दोष दोराला दिला जातो. परंतु कधीं कधीं गळच मोडलेला असतो, आणि तोही पितळी कडीशीं तो जेथें जोडलेला असतो त्या नेढ्यापाशीं.

याचें कारण एका जहाजाच्या बुडाशीं सांपडतें. १७६१ सालीं इंग्रजी आरमारांतील ‘अलार्म’ या लांकडी जहाजाच्या तळाला, कीड लागूं नये म्हणून, तांब्याचा पत्रा लोखंडी खिळ्यांनीं ठोकण्यांत आला. १७६३ मध्यें, वेस्ट इंडीजची सफर करून तें परतल्यावर पाहतात तों तांबें धड, पण खिळे जागोजाग खाऊन गेलेले! जे शाबूत होते, त्यांच्या व तांब्याच्या मध्यें पत्र्याच्या वेष्टनाचा तपकिरी कागद राहून गेला होता. हलगर्जीपणानें शहाणपण शिकवल्याचें असें उदाहरण विरळाच!

किलोभर समुद्राच्या पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. अशा पाण्यांत दोन भिन्न धातू एकमेकांस टेकले, कीं विजेचा लहानसा प्रवाह सुरू होतो व त्यांतील दुबळा धातू झिजतो. पितळेशेजारीं ही पाळी पोलादावर येते. कल्हईची गोष्टही तशीच. ती अखंड आहे तोंवर गळ सुरक्षित. पण टोंकाला कानस लागून पोलाद उघडें पडलें, कीं गंज नेमका तेथेंच धरतो. जस्ताचा मुलामा याच्या उलट. तो स्वतः झिजून पोलादाला राखतो.

मग सारेंच सामान न गंजणाऱ्या पोलादाचें कां नसावें? त्यांतील क्रोमियममुळें पृष्ठभागावर जो पातळ पापुद्रा बनतो, त्याला हवा लागते. ओल्या फडक्यांत, डबीच्या कोंदट कोपऱ्यांत गुंडाळून ठेवलेलें तें पोलादही फटींतून खड्डे धरतें; मॉलिब्डेनम मिसळलेलें अधिक टिकतें, इतकेंच. शिवाय दोर तुटून मासा निसटला, तर साधा गळ त्याच्या तोंडांत कालांतरानें गंजून जातो. हा मात्र फार दिवस राहतो. म्हणून कडी न गंजणारी आणि गळ साधा, स्वस्त व वेळोवेळीं बदलण्याजोगा, ही निवडच शहाणपणाची.

दोन्हींच्या मध्यें वीतभर नायलॉनचा दोर बांधला, म्हणजे धातूला धातू लागत नाहीं. ‘अलार्म’वरील कागदाचें काम तो दोर करतो. घरीं आल्यावर सामान गोड्या पाण्यांत खळबळून, पुसून, पुरतें सुकल्यावरच डबीचें झांकण लावावें.