कुलूपबंद कॉलेजचं पहिलं वर्ष

(परळी वैजनाथ इथं बारावी झालेल्या पोरापोरींसमोर केलेलं भाषण. बोललं तसंच छापलं आहे.)

मला इथं कामून उभं केलं ते अजून कळलं नाही. मी दहावी पास. जुन्या लोकांच्या भाषेत मॅट्रिक. मुंबईच्या गोदीत ठेकेदाराच्या टोळीत माल उतरवतो. पाळी सुटली की कविता लिहितो. विद्यापीठाच्या गेटातून आत गेलो तो एकदाच, बहिणीची गादी अन् पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन. अन् आज म्हणे विषय काय, तर विद्यापीठ कसं निवडावं, पहिल्या वर्षाची तयारी कशी करावी. तेव्हा मी उपदेश करणार नाही. माझी बहीण साथीच्या सालात कशी शिकायला गेली तेवढं सांगतो. ती इथंच मागं बसलीय. चुकलं तर ती मधीच टोकेल.

२०२०. मार्चात बारावीचे पेपर कसेबसे उरकले अन् २५ तारखेपासून देश बंद. दहावीच्या पोरांचा तर भूगोलाचा पेपरच राहिला, तो कायमचाच. मायबाप तेव्हा कोयत्यावर, पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कारखान्याच्या फडात. कारखान्याचा पट्टा पडला, पण गावाकडं यायला वाट नाही. १७ एप्रिलला सरकारनं ऊसतोड कामगारांना घरी जायची परवानगी दिली; सव्वा लाखाच्या वर माणसं राज्यभर फडात, पालात अडकली होती. त्यांच्या घामानं साखर गोड झाली, अन् गावच्या वेशीवर त्यांच्याच कपाळाला तापमापक लावून बाजूला काढलं. चौदा दिवस शाळेत. माय आयुष्यात पहिल्यांदा शाळेत राहिली ती अशी.

मी मुंबईत. बंदर अत्यावश्यक सेवा, म्हणून गोदी चालूच. क्वारंटाईन हा शब्दच मुळात बंदरातला. व्हेनिसला साथीच्या भीतीनं जहाजं चाळीस दिवस बाहेर उभी करायचे, तिथून आला. जहाजाला चाळीस दिवस थांबवता येतं. ज्याचं पोट रोजावर आहे त्याला कोण थांबवणार?

१६ जुलैला बारावीचा निकाल लागला. राज्याचा ९०.६६ टक्के. आमच्या धाकटीला सायन्सला ७१. फोनवर ती हसली, मी रडलो. अन् मग घरात खरं महाभारत सुरू झालं. जायचं कुठं?

बाप म्हणाला, परळीतच घाल, घरची भाकर खाऊन शिकेल. मामा म्हणाला, मुक्त विद्यापीठाचा फॉर्म भर, घरी बसून डिग्री. नाशिकचं ते विद्यापीठ १९८९ पासून आहे, अन् काम करून शिकणाऱ्या कितीतरी माणसांना त्यानं हात दिलाय, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण प्रयोगशाळा घरी कुठून आणायची? मी म्हणालो मुंबई. खरं सांगू? त्यात माझीच मिजास होती. गोदीतल्या हमालाची बहीण मुंबईच्या कॉलेजात, असं मला टोळीत सांगायचं होतं. दहा बाय दहाच्या खोलीत आम्ही सहा जण राहत होतो, दोन पाळ्यांत झोपत होतो. तिला ठेवणार कुठं याचा विचार मी केला नव्हता.

ऑगस्टात मुंबईतले आकडे बघितले अन् मी उलटा फिरलो. म्हटलं, यंदा राहू दे. एक वर्ष गेलं तर काय होतं?

ती फोनवर थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "दादा, पोराचं वर्ष जातं. पोरीचं लग्न होतं."

दोस्तहो, मी कवी म्हणवतो. अशी ओळ मला आजपर्यंत जमली नाही. त्या सालात आपल्या गल्लीत किती लगीनं झाली ते आठवा. वाजंत्री नाही, मांडव नाही, पन्नास माणसांत उरकायचं, खर्च कमी. केंद्र सरकारच्याच त्या काळातल्या कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्याची गत लिहून ठेवलीय: वीस ते चोवीस वयाच्या दर दहा बायांतल्या चार जणींच्या वर अठराच्या आत उजवल्या गेलेल्या. शाळेला कुलूप लागलं की पोरीला दुसरं कुलूप लागतं. तिनं ते ओळखलं होतं. मी जहाजं मोजत बसलो होतो.

आता जरा इतिहास, कारण आपल्याला वाटतं साथ आपल्याच नशिबी आली. १८९६ च्या सप्टेंबरात प्लेग सापडला तो मुंबईच्या मांडवीत, गोदीच्या अंगाला. पुढच्या मार्चात पुण्याला सावित्रीबाई गेल्या, मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी पोर पाठीवर घालून दवाखान्यात आणलं अन् स्वतःच प्लेगनं गेल्या. ज्या बाईनं आपल्या पोरींना पहिल्यांदा पाटी दिली तिचा जीव साथीनंच घेतला. त्याच १८९७ सालचा कायदा काढून २०२० ला आपल्याला घरात बसवलं. मग १९१८. जूनमध्ये मुंबईच्या गोदीत पहाऱ्यावरचे सात पोलीस शिपाई तापानं इस्पितळात गेले अन् इन्फ्लुएन्झाची नोंद तिथून सुरू झाली. म्हणजे साथ बोटीनं येते अन् पहिल्यांदा गोदीवाल्याला धरते.

आता बघा, त्याच १९१८ च्या नोव्हेंबरात बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक म्हणून रुजू झाले. कामून? लंडनचं शिक्षण अर्धं पडलं होतं. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ ला परत यावं लागलं, पुस्तकांची पेटी टाकलेली बोट टॉर्पेडोनं बुडवली. तर हा माणूस पगारातून पैसा साठवतो अन् १९२० ला पुन्हा लंडन गाठतो. ज्याला तुम्ही आज गॅप म्हणता, गॅप सर्टिफिकेट काढायला तहसीलला चकरा मारता, तो गॅप बाबासाहेबांच्याही नावावर आहे. पण त्यांनी तो पगारावर अन् पुस्तकावर काढला. मी बहिणीला सांगत होतो तो गॅप चुलीपुढं गेला असता.

अन् आपल्या मराठवाड्याचं काय? १९१८ लाच निजामाचं उस्मानिया विद्यापीठ निघालं, हैदराबादला, उर्दूतून. इथल्या पोरानं पदवीसाठी तिकडं जायचं. महाराचं पोर कुठून जाणार? १९५० ला बाबासाहेबांनी औरंगाबादेत कॉलेज काढलं, आजचं मिलिंद, तेव्हा कुठं वाट फुटली. मराठवाडा विद्यापीठ झालं १९५८ ला. त्याला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव जुलै १९७८ ला दोन्ही सभागृहांत झाला अन् गावंच्या गावं पेटली. पोचिराम कांबळे गेले. असे किती गेले. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला तेव्हा सोळा वर्षं झाली होती. दुसरे लोक रँकिंग बघून विद्यापीठ निवडतात. आपल्या वस्तीत औरंगाबादच्या विद्यापीठाचं नाव घेतलं की म्हातारी माणसं अजून गप्प होतात. शहराचं नाव २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर झालंय, पण आमच्या मायच्या तोंडी औरंगाबादच.

तरी नुसत्या नावासाठी धाकटीनं औरंगाबाद धरलं नाही. ती माझ्यापेक्षा हिशेबी. बीड जिल्हा त्याच विद्यापीठाखाली येतो, म्हणजे कॉलेज परळीचं असो की औरंगाबादचं, मार्कमेमो एकच. मग औरंगाबादला जाऊन जास्त काय मिळतं? तिनं सीनियर पोरींना फोन लावले. लायब्ररीत रात्री किती वाजेपर्यंत बसू देतात. होस्टेल मिळालं नाही तर खोलीचं भाडं किती, घरमालक आडनाव विचारतो का. प्रॅक्टिकल खरंच होतात की वहीत उतरवून घेतात. शिष्यवृत्तीचा फॉर्म अडला तर कॉलेजातला कोणता क्लार्क नीट बोलतो. प्रॉस्पेक्टसमध्ये यातलं एक अक्षर नसतं. तिथं इमारतीचा फोटो असतो.

एका कॉलेजनं, नाव घेत नाही, सांगितलं की पूर्ण फी आधी भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ. माझ्याकडं दोन महिन्यांची उचल होती, भरून टाकणार होतो. धाकटी म्हणाली, थांब. तिनं शासनाचा कागद काढून त्यांच्या मेलवर पाठवला, की शिष्यवृत्तीला पात्र असलेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी शिक्षण शुल्क मागू नका. उत्तर आलं नाही. तिनं दुसरं कॉलेज धरलं. मी असतो तर शिव्या दिल्या असत्या, अन् मग पैसे भरले असते.

कागदाचं मात्र मी कठोर बोलणार. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, टीसी, आधारला जोडलेलं बँक खातं. शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाची अट अडीच लाखांची. होस्टेल मिळालं नाही तर स्वाधार योजना. २०१६-१७ ला सुरू झाली, औरंगाबादसारख्या शहरात तेव्हा वर्षाला ५१ हजार, साठ टक्क्यांची अट. पैसा हातात यायला वेळ लागतो, हे धरूनच घर सोडायचं. निदान तीन महिन्यांचा खर्च गाठीला पाहिजे. त्या साली तहसील कार्यालयाच्या दारात दोरी बांधलेली, आत जायला टोकन, सेतूत बाहेरून माणसं दुप्पट घ्यायची. ज्यांचे दाखले जानेवारीतच काढलेले होते तीच पोरं तरली. आमचा एक चुलतभाऊ दाखल्यापायी राहिला. तो आता माझ्याबरोबर गोदीत आहे. हुशार होता.

विद्यापीठ अनुदान आयोगानं पहिल्या वर्षाचे वर्ग १ नोव्हेंबरपासून ठरवले. वर्ग म्हणजे काय, तर फोन. साथीच्या आधीच्या, २०१७-१८ च्या सरकारी पाहणीत ग्रामीण भारतात शंभरातल्या १५ घरांत इंटरनेट अन् चार-पाच घरांत कॉम्प्युटर. आमच्या घरात मी पाठवलेला एक जुना फोन, त्याची काच तडकलेली. वस्तीत रेंज नाही. थर्मलची धुराडी दिसतात त्या बाजूला टेकाड आहे, तिथं दोन काड्या यायच्या. धाकटी सकाळी तिथं. डोक्यावर राख पडायची अन् कानात केमिस्ट्री. ज्या गावाची वीज सगळ्या महाराष्ट्राला जाते त्या गावच्या पोरीला तास ऐकायला टेकाड चढावं लागतं, ही कविता मी लिहिली नाही, ती आपोआपच झाली. फोन चोवीस तासांत चार जणांचा: तिचा तास, बापाला मुकादमाचा फोन, भावाची सातवी, अन् रात्री माझा. ती तास वहीत उतरवायची, संध्याकाळी वस्तीतल्या तीन पोरी त्या वहीवरून शिकायच्या. त्या तिघींतली एक टिकली.

१५ फेब्रुवारी २०२१ ला राज्यात कॉलेजं उघडायला परवानगी मिळाली. तेव्हाच मी सुट्टी टाकून आलो अन् गादी-पेटी घेऊन तिला पोचवलं. तीन पोरींत एक खोली. पहिल्यांदा प्रयोगशाळेत गेली त्या रात्री तिनं फोन केला, "दादा, ब्युरेट हातात धरला." मला वाटलं काहीतरी मोठं यंत्र असेल. मार्चात पुन्हा कुलूप. खोलीचं भाडं चालूच. एप्रिलात अंबाजोगाईत एकाच रुग्णवाहिकेत २२ प्रेतं कोंबून स्मशानात नेली, ती बातमी सगळ्या देशानं पाहिली. आपण तिथून पंचवीस किलोमीटरवर. त्या महिन्यात आमच्या घरातून कोणी अभ्यासाचं नाव काढलं नाही. ती मात्र पहाटे उठून वही काढायची. मला तेव्हा ते निर्दय वाटलं होतं. आता वाटत नाही.

एक नुकसान कुणी सांगत नाही ते सांगतो. परीक्षा ऑनलाईन झाल्या, चार पर्यायांतला एक दाबायचा. मार्क भरपूर मिळाले. पुढं पेपर हातानं लिहायची वेळ आली तेव्हा तीन तास लिहायची बोटांना सवय राहिली नव्हती. दोन विषय राहिले तिचे. ते तिनं नंतर काढले, अन् २०२३ ला बी. एस्सी. झाली. म्हणून सांगतो, तयारी म्हणजे नवी बॅग नव्हे. आत्तापासून रोज दोन पानं हातानं लिहा.

आमच्या इंदिरा गोदीत जहाज येतं ते दरवाजातून, भरती बघून. आधी विचारतात, बुडाला किती पाणी लागतं? कमी पाण्यात घुसलं तर चिखलात रुतणार. तुमचं तसंच आहे. पुणं मोठं, मुंबई मोठी, असेल. तुमच्या घरचं पाणी किती, ते शहर किती पाणी देतं, हे विचारा. कमी असेल तर जाऊ नका असं मी म्हणत नाही. भरती कधी आहे ते बघून जा.

बास झालं. माझी उद्या रात्रीची पाळी आहे, संध्याकाळची गाडी धरायची. आता २०२४ पासून चार वर्षांच्या पदवीचं नवीन धोरण आलंय, त्यातले मेजर-मायनर मला कळत नाहीत, ते धाकटीला विचारा. ती त्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसलीय. ज्यांनी दाखले आणलेत त्यांनी पुढं या, ज्यांनी आणले नाहीत त्यांनी आत्ता घरी पळा. पोरींनी आधी यायचं.