हरवलेले जग, जपलेल्या फिती



आर्थर कॉनन डॉयल हे नाव शेरलॉक होम्समुळे घरोघरी परिचित आहे. याच लेखकाची ‘द लॉस्ट वर्ल्ड’ ही अद्भुतरम्य कादंबरी १९१२ साली प्रसिद्ध झाली. दक्षिण अमेरिकेतील एका दुर्गम पठारावर प्राचीन काळातील महाकाय प्राणी अजून जिवंत आहेत, असा प्राध्यापक चॅलेंजर यांचा दावा असतो. त्याची शहानिशा करण्यासाठी निघालेल्या चौघांची ही साहसकथा. १९२५ साली अमेरिकेत तिच्यावर मूकपट निघाला.

डायनासोर पडद्यावर चालते-फिरते दाखवण्याचे आव्हान विलिस ओब्रायन यांनी पेलले. मार्सेल डेल्गादो यांनी धातूच्या सांगाड्यांवर रबर चढवून छोट्या प्रतिकृती घडवल्या. प्रतिकृती किंचित हलवायची, एक चित्र टिपायचे आणि पुन्हा हलवायची, असा हा उद्योग. सेकंदाला सोळा चित्रे धरली, तर पडद्यावरच्या एका मिनिटासाठी ९६० वेळा! १९२२ साली डॉयल यांनी यातील चाचणीदृश्ये कोणताही खुलासा न करता न्यूयॉर्कमधील जादूगारांच्या मेळाव्यात दाखवली. दुसऱ्या दिवशी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर त्याची बातमी होती. अशी चिकाटी मराठी माणसालाही अपरिचित नव्हती. दादासाहेब फाळके यांनी त्यापूर्वीच, वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चित्र टिपून पडद्यावर आणली होती.

परंतु एवढ्या श्रमाने साकारलेली कलाकृती लवकरच अडगळ ठरली. बोलपट आले आणि १९२९ च्या सुमारास हा चित्रपट प्रदर्शनातून काढून घेण्यात आला. त्याच्या बहुतेक प्रती नष्ट करण्यात आल्या. मागे राहिली ती मुख्यतः घरगुती प्रक्षेपकासाठी काढलेली, सुमारे निम्म्या लांबीची आवृत्ती. मालकांनी टाकून दिलेले हे जग अनेक दशके तिच्याच आधाराने तगले. पुढे प्रागच्या संग्रहात अधिक पूर्ण प्रत सापडली. निरनिराळ्या ठिकाणचे तुकडे जुळवत अभ्यासकांनी चित्रपटाला बरेचसे मूळ रूप परत दिले. फाळके यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’चा मात्र आज काही भागच उपलब्ध आहे.

महाराष्ट्राबाहेर साठ वर्षे चाललेल्या मराठी शाळेचा इतिहासही असाच विखुरलेला असतो. त्याचा थोडा अंश दप्तरात असतो. उरलेला कुणाच्या पेटीतल्या स्नेहसंमेलनाच्या छायाचित्रात, कुणाच्या आजीने जपलेल्या प्रगतिपुस्तकात, हस्तलिखिताच्या एखाद्या सुट्या पानात. ते पान फाटके असेल, छायाचित्रातील निम्मे चेहरे ओळखू येत नसतील. तरीही ते टाकू नये. शाळेकडे त्याची एक प्रत पोहोचवावी आणि मागे नावे व वर्ष लिहावे. हीरकमहोत्सवाच्या या वर्षी शाळेला याहून मोलाची भेट दुसरी कोणती?