दारातला वॉचमन आपणच
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण)



गेटवर अनोळखी माणूस आला की वॉचमन विचारतो, "कुणाकडं जायचंय?" ई-मेलच्या दारात मात्र वॉचमन आपणच. त्या ड्युटीवर मी एकदा झोपलो, तेच सांगतो.

मागं मला 'प्राप्तिकर परतावा मंजूर' असा मेल आला. परतावा खरंच यायचा होता, म्हणून लिंक दाबली, कार्ड नंबर भरला. ओटीपी टाकणार, तेवढ्यात सूनबाई म्हणाली, "बाबा, पैसे मिळायला ओटीपी कशाला लागतोय?" पाठवणाऱ्याचा पत्ता नीट बघितला, तर शेवटी 'गव्ह डॉट इन' नव्हतंच. लगेच बँकेला फोन करून कार्ड बंद केलं. पेन्शन वाचली.

शिकलेली माणसं फसत नाहीत, हा माझा भ्रम. २०१६ साली बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेचे ८.१ कोटी डॉलर चोरीला गेले. अमेरिकी तपास यंत्रणेच्या म्हणण्यानुसार, चोर आत शिरले ते नोकरीच्या अर्जाच्या ई-मेलमधून. आणि २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला, तेव्हा बनावट कार्डांनी आपल्या कोल्हापुरातल्या एटीएममधूनही पैसे काढले गेले. म्हणजे हे लांबचं राहिलेलं नाही.

मग करायचं काय?

अनोळखी मेलला उत्तर देऊ नका. त्यातलं 'अनसबस्क्राइब'ही दाबू नका. पत्ता चालू आहे हे त्यांना कळतं. 'रिपोर्ट स्पॅम' करा. जीमेलमध्ये स्पॅममधले मेल ३० दिवसांनी आपोआप जातात. अटॅचमेंट उघडू नका. बँकेचं काम असेल तर लिंक सोडा, पत्ता स्वतः टाइप करा. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानं बँकांच्या संकेतस्थळांचे पत्ते आता 'डॉट बँक डॉट इन' असे झालेत. मेलला टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा. आणि पैसे गेलेच, तर तासाभराचाही उशीर न करता १९३० ला फोन करा.

एक कबुली देतो. हा प्रकार मी लाजेपोटी कुणाला सांगितला नाही. सूनबाईलाही गप्प बसवलं. दोन महिन्यांनी तसाच मेल आपल्यातल्याच एका घरी आला आणि त्यांचे पैसे गेले. मी बोललो असतो, तर कदाचित वाचले असते. ती खंत आजही आहे.

पंचवीस वर्षं आपण एकमेकांच्या घराच्या किल्ल्या सांभाळल्या. आता असा मेल आला, तर शेजाऱ्यालाही सांगा. लाजू नका.